भात निघालं की वाट सरळ होते

गेल्या आठवड्यात मारुती मंदिराच्या चौकात माझ्या रिक्षापुढे पेंढ्याने भरलेला टेम्पो आला. इतका भरलेला, की मागून त्याची चाकंसुद्धा दिसत नव्हती. रिक्षावाला वैतागून हॉर्न वाजवत होता आणि मी मागे बसून मनात म्हणत होते, बाबा रे, राहू दे, मला काही घाई नाही. नव्या पेंढ्याचा वास येत होता. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, नाकात शिरला की हमखास शिंक आणणारा. मला शिंक आली आणि तिच्याबरोबर अख्खं गाव आलं. मग बाजारात काय घ्यायला निघाले होते तेच विसरले आणि कोथिंबिरीऐवजी मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आले.

संध्याकाळी आईचा फोन. "भात झालं गो सगळ्यांचं. उद्या बेडी निघणार." एवढंच बोलून ती थांबली. आई फोनवर थांबली की समजावं, खरं बोलणं अजून पोटात आहे.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, खालच्या उतारावर. आई तिथे एकटी राहते. एकटी म्हटलेलं तिला खपत नाही. गाय आहे, दोन मांजरं आहेत, तुझ्या बाबांचा फोटो आहे, आणखी किती माणसं हवीत, असं विचारते. मी तिला रत्नागिरीला आणायचे सगळे प्रयत्न करून चुकले. माझ्या ब्लॉकमध्ये ती तीन-चार दिवस राहते, गॅलरीतून खालच्या गाड्या बघते आणि मग हळूच विचारते, इथे मागचं दार कुठे असतं? मागचं दार नसलेल्या घरात माणसं राहतात कशी, हा तिला खरोखरच पडलेला प्रश्न आहे.

तर ही बेडी. आमच्याकडे जमीन कमी आणि मालकी फार. उतारावर पायऱ्यांसारखे भाताचे कुणगे, कुठला खाटेएवढा, कुठला अंगणाएवढा, आणि प्रत्येकाला मालक. एका कुणग्याला तर सात चुलतभाऊ मालक, त्यातले पाच मुंबईला. भोवती जांभ्या दगडाचा रचलेला गडगा, आणि गडग्यात आत शिरायला जागा ठेवलेली असते तिथे बेडं. दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब आणि त्यांतून आडवे सरकवलेले बांबू, की झालं बेडं. आषाढात भात लावलं की सगळ्या गावाची बेडी बंद होतात. मग कुणी कुणाच्या शेतात पाय घालायचा नाही. दुसऱ्या वाडीत जायचं तर पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने, देवळापर्यंत वर चढा, तिथून साकवाच्या छोट्या पुलावरून पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडा आणि पुन्हा तेवढंच खाली उतरा. समोरचं घर हाकेच्या अंतरावर असतं, त्यांच्याकडे तळलेल्या बांगड्याचा वास आपल्या पडवीत येतो, पण तिथे पोचेपर्यंत त्यांची जेवणं आटपलेली असतात.

आणि मग भात निघतं. हळवं आधी, गरवं मागाहून. शेवटच्या माणसाचा शेवटचा भारा खळ्यावर पोचला की गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवळापाशी उभा राहून सांगायचा, बेडी काढा. हल्ली तो ग्रुपवर टाकतो, 'सर्वांचे भात झाले आहे, बेडी काढण्यास हरकत नाही', आणि खाली हात जोडलेली चित्रं येतात. त्या दिवशी जो तो आपापल्या बेड्याचे बांबू काढून गडग्याला टेकवून ठेवतो. गुरं मोकळी सुटतात आणि गुरांच्या मागोमाग माणसंही. तिथपासून पुढच्या पेरणीपर्यंत गावात कुणीही कुणाच्याही शेतातून जावं. विचारायचं नाही. विचारलंत तर उलट राग येतो, "विचारतोस काय रे, परका हायस काय?" म्हणून.

त्या दिवसाची सकाळ मला अजून अंगावर आठवते. थंडी नुकती सुरू झालेली, धसकटांवर दव. चपला हातात घेऊन आम्ही मुलं पळायचो, कारण दवात चपला घसरतात, आणि अनवाणी पळालं की धसकटं टोचतात. म्हणजे काहीही केलं तरी ओरडायचंच. पायाखाली जमीन अजून ओलसर, मधेच कुठेतरी कुळीथ पेरलेला, तेवढा वळसा घालून जायचं. खळ्याच्या बाजूने जाताना मात्र चपला पायात नकोत आणि आवाजही नको. भात पडलेलं असतं तिथे लक्ष्मी असते. बाकी सगळं मोकळं. शाळा जवळ आलेली, देऊळ जवळ आलेलं, एसटीचा थांबा जवळ आलेला. काल ज्या मुलीकडे जायला पाखाडीने धापा टाकत जावं लागायचं ती आज हात लांब केला की सापडेल एवढ्यावर. जमिनीला असं आखडता येतं, हे मला भूगोलाच्या पुस्तकाने कधी सांगितलं नाही.

माझ्या बाळंतपणाला मी माहेरी होते ते याच दिवसांत. कळा सुरू झाल्या तेव्हा मला खुर्चीत बसवून चौघांनी सरळ वाटेने रस्त्यावर नेलं. माझी मुलगी वेळेवर दवाखान्यात पोचली आणि वेळेवर रडली. आषाढात कळा आल्या असत्या तर पाखाडीने साकवापर्यंत पोचता पोचता काय झालं असतं, याचा विचार आई आजही करू देत नाही.

या सरळ वाटेची एक गंमत अशी, की ती डोक्यात बसली की जात नाही. आमचा मुंबईचा अनंतकाका दरवर्षी शिमग्याला यायचा. एसटीतून उतरला की डोळे मिटून सुद्धा शेताशेतातून घरी पोचायचा आणि तेच सगळ्यांना ऐकवायचा, "मी गाव विसरलो नाही, बघा." एका वर्षी त्याला गणपतीला रजा मिळाली. संध्याकाळची एसटी, पाऊस भुरभुरत होता, नवी पँट, हातात मोदकांच्या साच्याची पिशवी. गडी सवयीने निघाला सरळ. बेडं बंद होतं, ते याने ओलांडलं, आणि पोटरीभर चिखलात, उभ्या भातात जाऊन उभा राहिला. पुढे जावं तर दुसऱ्याचं भात तुडवायचं, मागे यावं तर पाय निघत नाही. शेवटी तिथूनच हाका मारू लागला. कंदील घेऊन लोक आले आणि आधी त्यांनी भात किती आडवं झालं ते पाहिलं, मग काकाकडे पाहिलं. त्याला बाहेर काढताना एक चप्पल आतच राहिली. पुढे नांगरताना ती निघाली, तेव्हा ज्याचं शेत होतं त्याने ती धुऊन, पुसून काकाला मुंबईला पाठवली. काका गेला तोपर्यंत ही गोष्ट त्याला दर शिमग्याला ऐकावी लागली.

सरळ वाट आमच्या घरामागून सुरू होते. आधी आमचा कुणगा, मग खालच्या वाडीतल्यांची शेतं, मग पऱ्या, मग चढून त्यांची घरं आणि त्यापलीकडे एसटीचा रस्ता. खालची शेतं एकेकाळी आमची होती. आम्ही खोत, ते आमची कुळं. कूळकायद्यात शेतं कसणाऱ्यांची झाली, आणि झाली ते योग्यच झालं, पण माझ्या आजोबांना हे मरेपर्यंत पटलं नाही. ते पडवीत बसायचे ते त्या शेतांकडे पाठ करून. चहासुद्धा तसाच प्यायचे. मात्र बेडी काढायच्या दिवशी सकाळी स्वतः उठून मागे जायचे आणि आमच्या बेड्याचे बांबू आपल्या हाताने काढायचे. घरात गडी होता, मुलगे होते, पण हे काम त्यांचं. काढून झालं की त्या बाजूला न बघताच परत यायचे. राग होता तो खराच होता, पण वाट अडवायची हे त्यांच्या रागालाही सुचलं नाही. मला आजोबांचा फारसा लळा नव्हता. पण या एका गोष्टीसाठी ते मला मनापासून आवडतात.

बेडं निघालं की त्यातून पहिली यायची ती पारूकाकी. खालच्या वाडीतली, आईच्याच वयाची. दोघी लग्न होऊन गावात आल्या त्या एकाच वर्षी. पावसाळ्यात काकी कामापुरती यायची, पाखाडीने, डोक्यावर इरलं घेऊन. पण वाट उघडली की रोज. उन्हं कलली की मागच्या दारी हाक यायची, "वयनी, हायत काय?" आई घरात नसून जाणार कुठे, पण हाक हीच. मग दोघी मागच्या पायरीवर बसायच्या. काकीच्या ओच्यात काहीतरी असायचंच, नव्या तांदळाचे पोहे, दोन काकड्या, काही नाही तर शेकोटीत भाजलेले करांद्याचे कंद. आई चहा टाकायची. मग बोलणं.

काय बोलायच्या, हे सांगायला गेलं तर हाती काही लागत नाही. काकी म्हणायची, "अवंदा पावट्याला फूल मायंदाळ हाय." आई म्हणायची, "फूल असतंच गो, शेंग धरेल तेव्हा सांग." मग कितीतरी वेळ दोघी गप्प. मग काकी, "गाय कशी हाय?" आई, "आहे." मग पुन्हा गप्प. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन दारात बसलेली असायचे आणि मला वाटायचं, या दोघींना बोलायचं नाही तर या रोज भेटतात कशाला! आता माझं वय झाल्यावर कळतंय. माझ्याही फोनमध्ये भरपूर मैत्रिणी आहेत. पण जिच्याशेजारी गप्प बसून चहा गार होऊ द्यावा, अशी एक शोधायला गेले तर मला बराच वेळ लागतो.

बाबा गेले तेव्हा पावसाचे दिवस होते. बारा दिवस घर माणसांनी भरलं आणि तेराव्याला रिकामं झालं. आई कुणाशी बोलत नव्हती. काकी पाखाडीने आली, मागच्या पायरीवर बसली आणि आईच्या पायाला तेल चोळत राहिली. निघताना एवढंच म्हणाली, "भात निगूदे वयनी, मग मी येतंय रोज." आईने त्या वर्षी भात निघायची वाट पाहिली ती त्यासाठी.

आता इथे माझा धाकटा भाऊ महेश येतो. मुंबईला असतो, चांगली नोकरी आहे, आईवर जीव आहे. वाईट माणूस असता तर ही हकिगत सांगायला सोपी गेली असती. घरामागच्या कुणग्यात भात लावायला माणूस मिळेना, तेव्हा त्याने तिथे हापूसची कलमं लावली. स्वतः खड्डे खणले, स्वतः रजा घेऊन येऊन पाणी घातलं. आणि गेल्या वर्षीच्या दिवाळीत, गुरं कलमं खातात म्हणून, भोवतीचा जुना गडगा काढून चिऱ्याचं पक्कं कुंपण घातलं. सिमेंटने सांधलेलं, छातीएवढं. आईने विचारलं, "आणि वाट?" तर म्हणाला, "वाट ठेवलीय ना!" खरंच ठेवली होती. लोखंडी फाटक बसवलं होतं, हिरवा रंग देऊन. कुलूपही होतं. आणि पारूकाकीला अडचण नको म्हणून एक चावी स्वतः पाखाडीने जाऊन तिच्या हातात देऊन आला होता. मला फोनवर हौसेने सांगितलं, "ताई, तिला वेगळी चावी करून दिली मी."

त्या वर्षी बेडी निघाली. काकी आली नाही.

आईने आठ-दहा दिवस वाट पाहिली आणि मग मला फोन केला. तेव्हाही असंच, अर्धं बोलून थांबणं. मी रविवारी गेले, रिक्षा करून रस्त्याने थेट काकीच्या घरी. ती अंगणात कुळीथ झोडत होती. मी विचारलं, "काकी, चावी आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की. ती बग, खुंटीला हाय."

"मग येत का नाही?"

काकीने सूप खाली ठेवलं. "बाय, चावी लावून यायला मी काय बँकेत जातंय? इतकी वर्सं आली गेली, कुनाला इचारलं नाय. आता कुलूप काढायचं, आत जायाचं, परत लावायचं. मना वाटतं, कुनी बगलं तर म्हनंल, म्हातारी खोतांच्या बागंत काय करते?" मग हसली. "तुज्या भावाला काय बोलू नको. पोरगा चांगला हाय. चावी द्यायला आला तो माज्या पाया पडून गेला."

मी परत येताना एसटीच्या थांब्यावर बसून विचार करत राहिले. आपण कुणाला चावी देतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण दार उघडलं. पण ती हातात येईपर्यंत समोरच्याला ते दार बंद आहे हे माहीतच नसतं. काकीची शेतं तर अजूनही तशीच होती; आमच्या घरचा प्रत्येक पुरुष, महेशसकट, एसटी पकडायला तिच्याच कुणग्यांतून जात होता आणि कुणी त्याला चावी दिली नव्हती.

महेश शिमग्याला आला तेव्हा आईने त्याला जेवायला वाढलं, ताक वाढलं आणि मग म्हणाली, "ते फाटक काढ."

"अगं, गुरं शिरतील. कलमं जातील."

"प्रत्येक कलमाभोवती काटी लाव. मी आहे ना हाकलायला."

"ऐंशीच्या घरात आलीस तू. कुठे गुरं हाकलणार? आणि कलमं कुणासाठी लावलीत मी? तुझ्या तोंडी घरचा आंबा पडावा म्हणूनच ना?"

"महेश," आई म्हणाली, "डॉक्टरांनी मला आंबा बंद केलाय. पारू बंद केलेली नाही."

तो भाताचा घास हातात धरून बघत राहिला. मग मला हसू आवरेना, मग त्याला. दुसऱ्या दिवशी त्याने फाटक उचकटून गोठ्यात नेऊन ठेवलं, तिथे आता त्याच्यावर गोणपाटं वाळतात. कुंपणाच्या त्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून त्याने स्वतः भोकं पाडली, बांबू आणले, बेडं केलं आणि लगेच काढूनही ठेवलं. संध्याकाळी मागच्या दारी हाक आली, "वयनी, हायत काय?" महेश घरात होता. तो बाहेर गेला नाही, आतूनच ऐकत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि मी ते पाहिलं नाही असं मी दाखवलं.

हे सगळं गेल्या शिमग्यातलं. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण श्रावणात पारूकाकी अंगणातल्या शेवाळावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीला दवाखान्यात होती तेव्हा मी रोज डबा नेत होते. हाड बसवलं, पण या वयात ती पुन्हा घरात चार पावलं चालली तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी सांगितलं. कुणगे उतरणं-चढणं तर सोडाच. आईला हे माहीत होतं. म्हणूनच फोनवर "उद्या बेडी निघणार" एवढं बोलून ती थांबली होती. या वर्षी वाट उघडणार होती आणि तिच्यावरून कुणी येणार नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने गेले. घरी पोचले तर आई पडवीत बसलेली, अंगावर चांगलं लुगडं, हातात काठी, कापडी पिशवीत काहीतरी बांधलेलं.

"कुठे निघालीस?"

"पारूकडे. चल."

"रिक्षा बोलावते."

"रिक्षा कशाला? वाट उघडी आहे ना?"

आम्ही मागच्या दाराने निघालो. बेड्यातून बाहेर पडलो, पहिली मेर, म्हणजे कुणग्याचा बांध, उतरलो. मी पुढे, आई माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. एकेक पाऊल जपून, मधे थांबत. दुसरा कुणगा संपला आणि आई थबकली. मला वाटलं, दम लागला. तर ती चारी बाजूंना बघत होती.

"आता कुठून गो?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. आई या वाटेने कधी आलीच नव्हती. आमच्या घरच्या बायका बाहेर निघाल्या की पाखाडीने जायच्या, देवळावरून, डोक्यावर पदर घेऊन. शेतातली वाट मुलांची, पुरुषांची, गुरांची आणि खालच्या वाडीतल्यांची. काकी इतकी वर्षं रोज यायची. आई तिच्याकडे एकदाही गेली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती. तशी पद्धत होती आणि पद्धतीला कुणी विचारत नाही. बेडं काढून आम्ही वाट मोकळी आहे म्हणत राहिलो, आणि ती मोकळी होती ती एकाच बाजूने.

"इथून," मी म्हटलं, "ती आवळी दिसते ना, तिच्याकडे धर." आणि आईला तिच्या मैत्रिणीच्या घराची वाट दाखवत मी खाली उतरू लागले. पऱ्यात पाणी घोट्याएवढं होतं. आईने लुगडं थोडं उचललं आणि दगडांवरून न जाता सरळ पाण्यातून आली. गार आहे गो, म्हणाली, आणि मला वाटतं ते तिला आवडलं.

काकी पडवीत खाटेवर होती. आम्हाला अंगणात बघून तिने उठायची धडपड केली. "वयनी? तुमी? कुटनं आलात?"

"शेतातनं," आई म्हणाली. "पडून राहा. आज मी आलेय."

काकीच्या सुनेने धावत प्लास्टिकची खुर्ची आणली. आई खुर्चीवर बसली नाही. खाटेच्या काठावर, काकीच्या पायांशी बसली आणि पिशवी सोडली. आत खोबरेल तेलाची बाटली होती. आईने काकीचा चांगला पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. काकी "नको वो, नको वयनी" म्हणत राहिली, मग नुसतीच रडली, मग गप्प झाली. सुनेने चहा आणून ठेवला. तो गार होत राहिला.

उन्हं उतरली. तेल चोळता चोळता आईने मान वर केली आणि समोर बघितलं. पलीकडच्या उतारावर, कुणग्यांच्या वर, एक कौलारू घर होतं, मागचं दार आपल्याकडे करून.

"ते आमचं घर?" आईने विचारलं. "इथून असं दिसतं?"

"रोज बगतंय मी," काकी म्हणाली. "सांच्याला तुमच्या मागल्या दारी दिवा लागला की मना बरं वाटतं, वयनी हायत म्हनून. पावसात येता येत नाय तवापन बगतंय. आता पडून हाय म्हनून खाट इकडं फिरवून घेतली."

आईचा हात थांबला. "मला कधी बोलली नाहीस."

"तुमी इकडं कधी आलात नाय."

ती काही रागाने म्हणाली नाही. पावट्याला फूल आहे म्हणावं तशी म्हणाली. आई बराच वेळ समोर बघत राहिली. सावल्या आता पऱ्यातून वर चढत होत्या आणि आमचं घर अंधुक व्हायला लागलं होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"बाय, तू हो पुढे. घरी जा आणि मागचा दिवा लाव. मला न्यायला रस्त्याने रिक्षा घेऊन ये सावकाश. तोवर मी बसते हिच्याजवळ. मलाही बघू दे."

मी एकटी निघाले. पऱ्या ओलांडला, आवळी मागे टाकली, मेरेमेरेने वर चढले. धसकटं पायाला टोचत होती आणि मी या वयात शक्य होतं तितकी भरभर चालत होते, कारण तिकडे दोघी वाट बघत होत्या. बेड्यातून आत आले, मागच्या दारापाशी हात लांब केला आणि दिव्याचं बटण दाबलं.

पायरीवर येऊन उभी राहिले. मग पलीकडच्या उतारावरून, मोकळ्या शेतांवरून, दोन म्हाताऱ्या आवाजांतली हाक आली, आणि त्यातली आई कोण आणि काकी कोण ते मला ओळखता आलं नाही.

"दिसला गो, दिसला!"